एकोणतीस

अलापूल सुटलं आणि रस्ता एकपदरी झाला.
समुद्र डावीकडे, मग एकदम समोर,
मग टेकडीमागे गडप, जणू त्याला
आमच्याआधी पोचायची घाई.

समोरून गाडी आली की कुणीतरी एकाने
रस्त्याच्या फुगवट्यात, पांढऱ्या पाटीशी थांबायचं,
दुसऱ्याने जाता जाता हात वर करायचा.
इथला कायदा एवढाच.
निमिषने हात मोजायला घेतले. मराठीत.
कारण नलूआत्या व्हिडिओवर म्हणाली होती,
ह्याला दहाच्या पुढे कुठलं येतंय!

अठ्ठावीसपर्यंत पठ्ठ्या बिनचूक आला.
कॅरॅव्हान, दोन मोटारसायकली, मेंढ्यांचा ट्रक
(मेंढ्यांनी हात केला नाही, त्या धरल्या नाहीत),
मग टपालाची लाल गाडी, आणि तिथे अडला.
"वीस-नऊ."
"एकोणतीस," श्रीरंग म्हणाला, नजर रस्त्यावर.
नोकरी गेल्यापासून तो गाडी फारच नीट चालवतो.
"म्हणजे तीसला एक कमी."
"पण तीस तर अजून आलेच नाहीत!
जे आलंच नाही, त्यातून एक कसा कमी करायचा?"
"मराठीत असंच असतं," रेवा म्हणाली, वय वर्षं आठ,
आणि तिला उलटी झाली. भडंगाच्या पिशवीत.
भडंग अजून अर्धं होतं.

किनाऱ्यावर कुणी नव्हतं.
पाणी बांगडीच्या काचेतून बघावं तसं हिरवं,
आणि इतकं गार, की पाय घातला की हाडाला कळावं.
एवढी मोकळी जागा पोरांनी कधी पाहिली नव्हती.
तिचं करायचं काय, त्यांना सुचेना,
मग ती नुसतीच ओरडली. खूप वेळ.
आम्ही दशम्या खाल्ल्या, चटणीत वाळू,
श्रीरंग फोन उंच धरून रेंज शोधत फिरला,
कुणाचा निरोप यायचा होता, मी विचारलं नाही.

अकरा मैल पुढे गेल्यावर
मागून आवाज आला: "माझा बूट."
एका पायात लाल बूट, एका पायात ओला मोजा.
मग जे बोलायचं ते आम्ही बोललो,
बुटाची किंमत, डिझेलची किंमत,
कुणी बघायला हवं होतं, कोण कधीच बघत नाही,
महिनाभराचं साठलेलं सगळं त्या एका बुटात मावलं.
फुगवट्यात गाडी वळवली.
परतीचे अकरा मैल कुणी काही मोजलं नाही.

भरती आली होती.
आमचा किल्ला, आमची पावलं, बसलो ती जागा,
कुठे होती तेही सांगता येईना.
आणि फाटकाजवळ, कुंपणाच्या खांबावर, बूट.
उलटा अडकवलेला.
आत पाऊस जाऊ नये म्हणून.
चहूकडे एक माणूस नाही, एक धुराडं नाही,
ओल्या गवतावर चाकांचे दोन पट्टे फक्त.
त्या "म्हणून"पाशी माझे डोळे भरले.
"वारा फार आहे," श्रीरंग म्हणाला.
"हो," मी म्हटलं, "वारा."

निमिषने बूट घातला, आतली वाळू न झटकताच,
आणि पट्टा लावेपर्यंत झोपलासुद्धा.
रेवाही लवंडली, त्याच्या डोक्यावर डोकं.
गाडीत उलटीचा वास, ओल्या लोकरीचा वास,
हीटर पायांवर.
कितीतरी वेळाने लांबून दोन दिवे आले.
श्रीरंग फुगवट्यात थांबला, गरजेपेक्षा आधीच,
आणि वाट बघत राहिला.
कुणी म्हातारं जोडपं होतं, दोघांनीही हात केला.

"तीस," श्रीरंग म्हणाला, हळूच,
मागे आरशात बघून,
आणि वायपर चालू केले.